आकाशातून पडलेले धान्य

वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडताना वळणावळणावर क्रूस भेटतात. काही घराच्या भिंतीला टेकलेले, काही छोट्या चौथऱ्यावर एकटेच उभे. मे महिन्यात त्यांच्यापुढे फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात, लितानी म्हटली जाते. त्यांपैकी अनेक क्रूस १८९६ साली आणि त्यानंतरच्या प्लेगच्या वर्षांत उभारले गेले. साथीने घराघरांतून माणसे उचलली जात असताना आपल्या पूर्वजांनी हे दगडी शब्द देवापुढे ठेवले. आज त्यांच्यासमोर गुडघे टेकणाऱ्या मुलांना प्लेग म्हणजे काय, हेही ठाऊक नसते.

तिकडे धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर एक पुतळा उभा आहे. तो डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेल्या या कॅथोलिक डॉक्टराने सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण पाहिले, त्यांच्या जांघेतील व काखेतील गाठी पाहिल्या आणि हा प्लेग आहे, असे स्पष्ट सांगितले. बंदराच्या आणि व्यापाराच्या या शहराला ते नाव ऐकायचे नव्हते. तज्ज्ञांनी तपासणी केली आणि डॉ. व्हिएगस यांचे निदान खरे ठरले.

क्रूस आणि पुतळा या दोन खुणांपासून निघालेली एक वाट थेट चीनच्या हुनान प्रांतातील एका नदीकाठच्या शहरात पोहोचते, हे मात्र फारसे कोणाला माहीत नाही. चीन म्हटले की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली ते वैद्यकीय पथकासह तिकडे गेले आणि १९४२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. कोटणीस इथून तिकडे गेले. आज ज्यांची कथा सांगावयाची आहे, ते डॉक्टर तिकडून इथे आले होते. मुंबईत त्यांनी प्लेगचा अभ्यास केला, आणि पाच वर्षांनी त्या अभ्यासाची कसोटी अशा एका साथीत लागली, जी निसर्गाने नव्हे तर माणसाने जाणूनबुजून पसरवली होती.

मुंबईची शाळा

१८९६ साली प्लेगने मुंबईत पाऊल टाकले, तेव्हा वैद्यकशास्त्राला या रोगाविषयी फार थोडे ठाऊक होते. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र येर्सँ यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. परंतु तो जंतू माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे गूढच होते. कोणी हवेला दोष देई, कोणी जमिनीला, तर कोणी गरिबांच्या अस्वच्छतेला. सरकारने घरांची सक्तीने झडती घेतली, रुग्णांना बळजबरीने इस्पितळात नेले. त्याचा संताप होऊन ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुढच्या वर्षी पुण्यात रँडचा खून झाला. त्याच पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी मरण पावल्या. बळजबरी आणि सेवा, भीती आणि शोध यांची विलक्षण सरमिसळ त्या दिवसांत झाली होती.

याच काळात ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. दोन वर्षांनी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ही इमारत मूळची पोर्तुगीज अमदानीतील ख्रिस्ती मठाची. जेथे एके काळी धर्मगुरूंची प्रार्थना चालत असे, तेथे आता काचेच्या नळ्यांतून लस तयार होऊ लागली. १९२५ साली या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

उंदीर आणि माणूस यांच्यातील दुवा पिसू हाच आहे, हे पोल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवून दिले होते. पण जगाने त्यावर सहजासहजी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने त्याची कसून परीक्षा घेतली. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले गेले. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद अंथरले होते, काही पिसूच्या उडीच्या पलीकडे उंच टांगले होते. ज्या प्राण्यांपर्यंत पिसू पोहोचू शकली नाही ते वाचले. ज्यांच्यापर्यंत ती पोहोचली त्यांना प्लेग झाला. त्यातून रोगाचा क्रम निश्चित झाला. आधी उंदीर मरतात. उंदराचे शरीर थंड पडले की उपाशी पिसवा ते सोडून देतात. मग त्या माणसाला चावतात. म्हणून घरात उंदीर मरून पडू लागले की काही दिवसांनी माणसे आजारी पडतात.

हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील सारी कथा त्याच्यावर उभी आहे. मुंबईच्या आणि महाराष्ट्राच्या असंख्य मृत्यूंची किंमत देऊन मानवजातीने हे ज्ञान मिळवले होते.

१९३६ साली चीनमधील डॉ. चेन वेनक्वेई राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाच्या वतीने भारतात आले आणि हाफकिन संस्थेत त्यांनी प्लेगचा विशेष अभ्यास केला. शिकून ते मायदेशी परतले. त्यानंतर वर्षभरातच जपानने चीनवर पूर्ण शक्तीनिशी आक्रमण केले.

तेच ज्ञान, दुसरे हात

विज्ञानाचे ज्ञान कोणा एकाच्या मालकीचे नसते. परळला सिद्ध झालेला उंदीर-पिसू-माणूस हा क्रम जपानी डॉक्टरांनीही वाचला होता. त्यांच्यापैकी एक होते शिरो इशिई. क्योतो विद्यापीठातून वैद्यकशास्त्र शिकलेले आणि सैन्यात दाखल झालेले हे डॉक्टर. जंतूंचा शस्त्र म्हणून उपयोग करता येईल, ही कल्पना त्यांनी आपल्या वरिष्ठांच्या गळी उतरवली. १९२५ च्या जिनिव्हा कराराने अशा शस्त्रांच्या वापरावर बंदी घातली होती. ज्या गोष्टीवर बंदी घालावी लागते ती नक्कीच परिणामकारक असणार, असा उलटा निष्कर्ष त्यांनी काढला. जपानने त्या करारावर सही केली होती, पण त्याला मान्यता मात्र १९७० पर्यंत दिली नाही.

मांचुरियात हार्बिन शहराजवळ पिंगफान येथे इशिई यांचे मोठे केंद्र उभे राहिले. ते ‘युनिट ७३१’ या नावाने ओळखले जाते. वरवर पाहता त्याचे काम सैनिकांना शुद्ध पाणी पुरवण्याचे आणि साथी रोखण्याचे होते. प्रत्यक्षात तेथे जिवंत कैद्यांवर रोगांचे प्रयोग होत. पुढे १९४९ साली खाबारोव्हस्क येथील खटल्यात दिल्या गेलेल्या साक्षीनुसार अशा कैद्यांपैकी सुमारे ३००० जण मरण पावले. तेथे उंदरांवर पिसवा पोसल्या जात, आणि त्या पिसवांना प्लेगची लागण करून त्यांचा साठा केला जाई. हे सारे करणारे डॉक्टरच होते. ज्यांनी रुग्णाच्या उशाशी बसावे, त्यांनीच रोगाची पेरणी करण्याचे शास्त्र रचले.

ऑक्टोबर १९४० मध्ये च्याच्यांग प्रांतातील छूचौ आणि निंगबो या शहरांवर जपानी विमानांनी धान्य टाकले, आणि दोन्ही ठिकाणी प्लेग पसरला. निंगबोमध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली. बाधित वस्तीभोवती भिंत घालून अखेर ती वस्तीच जाळून टाकावी लागली. तरीही हा प्लेग आकाशातून आला, हे जगापुढे शास्त्रीय पुराव्याने मांडणारे तेव्हा कोणी नव्हते.

चार नोव्हेंबरची पहाट

चांगदे हे हुनान प्रांतातील युआन नदीकाठचे शहर. भाताच्या समृद्ध प्रदेशातील ही मोठी बाजारपेठ. ४ नोव्हेंबर १९४१ रोजी पहाटे पाचच्या सुमारास धुके पडले असताना एकच जपानी विमान शहरावर आले. बॉम्ब टाकणारी विमाने उंचावरून येत. हे मात्र अगदी खालून घिरट्या घालत होते. त्यातून स्फोट करणारे काहीच पडले नाही. गव्हाचे आणि तांदळाचे दाणे, कागदाचे कपटे, कापसाचे बोळे असे काहीबाही छपरांवर, अंगणांत आणि रस्त्यांवर पडले. विशेषतः क्वानम्याओ रस्ता, ची-अ गल्ली आणि पूर्व दरवाजाचा परिसर यांत त्याचे प्रमाण जास्त होते. संध्याकाळी धोका टळल्याचा इशारा झाल्यावर लोक बाहेर पडले. पोलिसांनी दाणे गोळा करवले, उरलेले झाडून जाळण्याचा हुकूम दिला आणि थोडा नमुना तपासणीसाठी गुआंगदे रुग्णालयात पाठवला.

हे रुग्णालय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे होते. त्याचे प्रमुख अमेरिकन असले तरी या प्रसंगी खरी जबाबदारी पडली ती डॉ. तान श्युएह्वा आणि प्रयोगशाळेतील वांग चंग-यू या दोन चिनी सहकाऱ्यांवर. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक होता. जंतू वाढवून त्यांची ओळख पटवण्याची साधने नव्हती, प्रयोगासाठी प्राणीही नव्हते. त्यांनी दाणे निर्जंतुक पाण्यात धुतले, त्या पाण्याचा थर काचेवर घेऊन रंगवला आणि पाहिला. बहुतेक जंतू निरुपद्रवी जातीचे दिसले. पण त्यांच्यात काही असे होते, जे दोन्ही टोकांना गडद रंग घेत होते आणि मध्ये फिके राहत होते. प्लेगचा जंतू असाच दिसतो.

एवढ्यावरून छातीठोकपणे काही सांगता येत नव्हते. इतरही काही जंतू असे दिसू शकतात. सावध माणसाने गप्प बसणे अशा वेळी सोपे असते; निदान चुकले तर हसे होणार आणि शहरात घबराट पसरवल्याचा दोष पदरी येणार. त्या दोघांनी आपला संशय संशय म्हणूनच, पण तातडीने अधिकाऱ्यांना कळवला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मांडवीच्या अंधाऱ्या खोल्यांत डॉ. व्हिएगस यांनी हेच केले होते.

रुग्ण आणि रुग्णालय

आठवडा उलटला. क्वानम्याओ रस्त्यावर कोळसा विकणाऱ्या एका गृहस्थाची अकरा वर्षांची मुलगी ११ नोव्हेंबरला तापाने फणफणली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिला गुआंगदे रुग्णालयात आणले. डॉ. तान यांनी तिला ताबडतोब इतर रुग्णांपासून वेगळे ठेवले आणि तिच्या रक्ताचा थर तपासला. दाण्यांत दिसले होते तसेच जंतू तिच्या रक्तात दिसले. १३ तारखेच्या सकाळी ती मरण पावली.

त्याच सुमारास रेड क्रॉसच्या पथकातील एका डॉक्टराला रस्त्याने एक शवपेटी जाताना दिसली. चौकशी केली तेव्हा मृत स्त्रीचा आजारही असाच अचानक आलेल्या तापाचा होता, असे कळले. त्याने प्रेतयात्रा थांबवून यकृतातून सुईने नमुना घेतला. त्यातही तसेच जंतू दिसले. प्रेताला सुई टोचू देणे त्या कुटुंबाला किती कठीण गेले असेल, याची कल्पना आपणांस करता येईल. पण त्या नमुन्यावाचून ती स्त्री नुसतीच ‘तापाने गेलेली’ ठरली असती, आणि तिच्या घरातील, शेजारातील माणसे बेसावध राहिली असती.

प्लेगच्या रुग्णावर तेव्हा उपचार तरी कोणते होते? स्ट्रेप्टोमायसिन अजून शोधले गेले नव्हते. ते १९४३ साली सापडले. नव्याने आलेली सल्फा औषधे काही रुग्णांना उपयोगी पडत, पण ती लवकर द्यावी लागत. उपचार न झाल्यास गाठीच्या प्लेगचे दहापैकी तीन ते सहा रुग्ण दगावतात, आणि फुप्फुसाच्या प्लेगमध्ये जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणून शुश्रूषेचे खरे काम दोन ठिकाणी होते. एक, रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवून पाणी, अन्न, स्वच्छता आणि धीर देणे. दोन, त्याच्या सभोवतालच्यांना वाचवणे. परिचारिका आणि डॉक्टर कापडाचा जाड मुखवटा, अंगभर झगा आणि हातमोजे घालून काम करीत. मुखवट्याचा हा धडा १९१०-११ च्या मांचुरियातील साथीत डॉ. वू लिएन-तेह यांनी घालून दिला होता. रुग्णाचे कपडे आणि अंथरूण यांतील पिसवा मारणे, घरात औषध फवारणे, संपर्कात आलेल्यांना लस टोचणे आणि दिवसातून दोनदा त्यांचा ताप पाहणे हे तितकेच महत्त्वाचे होते. औषध नसतानाही सेवा करता येते, आणि अशी सेवा निष्फळ नसते. प्लेगच्या इस्पितळांनी जगाला हे शिकवले.

आधी माणूस, मग उंदीर

२४ नोव्हेंबरला डॉ. चेन वेनक्वेई आपले पथक घेऊन क्वेइयांगहून चांगदेला पोहोचले. त्याच संध्याकाळी २८ वर्षांचा एक तरुण मरण पावला. चेन यांनी रात्रीच शवविच्छेदन केले, नमुने घेतले, जंतू वाढवले आणि गिनीपिगांना टोचले. गिनीपिग प्लेगनेच मेले. आता शंकेला जागा उरली नव्हती. चांगदेत प्लेग होता.

पण तो आला कोठून? येथे मुंबईचे शिक्षण कामी आले. चेन यांनी एकेक शक्यता हाती घेऊन तपासली. चांगदेत पूर्वी प्लेग कधी झाला होता का? नव्हता. तो जवळच्या प्रदेशातून आला असेल का? सर्वांत जवळची प्लेगग्रस्त जागा म्हणजे च्याच्यांगमधील छूचौ; जमिनीने वा नदीने सुमारे २००० किलोमीटर दूर. तेथून निघालेला संसर्गग्रस्त माणूस चांगदेला पोहोचण्यापूर्वीच आजारी पडला असता. धान्याच्या पोत्यांतून उंदीर आले असतील का? चांगदे स्वतःच भात पिकवणारा प्रदेश. तेथून धान्य बाहेर जाई, बाहेरून येत नसे. पहिले रुग्ण कोठे राहत होते? जेथे धान्य पडले, त्याच वस्त्यांत. केव्हा आजारी पडले? विमान येऊन गेल्यावर सातव्या-आठव्या दिवशी, म्हणजे रोग अंगात मुरायला लागणाऱ्या काळाशी जुळणारे.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: उंदीर मेले होते का? नव्हते. निसर्गाचा क्रम आधी उंदीर, मग माणूस असा. चांगदेत माणसे आधी मेली. याचा अर्थ पिसवा मेलेल्या उंदरांच्या अंगावरून उतरल्या नव्हत्या. त्या आयत्याच शहरात आणून सोडल्या गेल्या होत्या. धान्य हे त्यांचे आच्छादन आणि उंदरांना बोलावण्याचे आमिष होते, असे चेन यांनी अनुमान केले. परळच्या पिंजऱ्यांनी शिकवलेला क्रम ज्याने नीट आत्मसात केला होता, त्यालाच तो उलटलेला दिसू शकला.

अहवालात चेन यांनी एक गोष्ट लपवली नाही. महिनाभर जपून ठेवलेल्या त्या दाण्यांची त्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्यांत प्लेगचे जंतू मिळाले नाहीत. आपल्याच बाजूला बाधक ठरेल असा हा निष्कर्षही त्यांनी लिहून ठेवला. १२ डिसेंबर १९४१ रोजी अहवाल पूर्ण झाला. त्यात सहा रुग्णांची नोंद होती.

लोकांची भीती, डॉक्टरांचा धीर

हिवाळ्यात साथ थंडावली, पण संपली नाही. राष्ट्रसंघाकडून चीनमध्ये आलेले ऑस्ट्रियन प्लेगतज्ज्ञ रॉबर्ट पॉलिट्झर डिसेंबरात चांगदेला आले आणि ठाण मांडून बसले. शहरात पकडलेल्या उंदरांची ते अखंड तपासणी करीत. त्यांनी इशारा दिला की, रोग आता उंदरांत शिरला आहे आणि वसंत ऋतूत तो पुन्हा माणसांत येईल. तसेच झाले. १९४२ च्या वसंतात दुसरी लाट आली. मे महिन्यात चांगदेहून गावी परतलेल्या एका डुकरांच्या व्यापाऱ्याला फुप्फुसाचा प्लेग झाला. त्याच्या घरातील, सोयऱ्यांतील आणि भेटायला आलेल्यांपैकी डझनाहून अधिक माणसे पाठोपाठ मेली.

डॉक्टरांना या काळात रोगाशी झुंजावे लागले तसे लोकांच्या भीतीशीही. आपल्या माणसाला पूर्वजांच्या शेजारी पुरणे ही चिनी माणसाची पवित्र निष्ठा. अधिकाऱ्यांनी प्लेगची प्रेते जाळण्याचा आणि शवविच्छेदनाचा हुकूम काढताच लोक रुग्ण लपवू लागले. रात्री गुपचूप प्रेते पुरू लागले. लस टोचून घ्यायलाही अनेक जण तयार नव्हते. हे वाचताना १८९७ ची मुंबई आणि पुणे डोळ्यांपुढे उभे राहते. सत्ता जेव्हा शुश्रूषेला दंडुक्याची जोड देते, तेव्हा रोगी डॉक्टरापासूनच पळतो. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि नंतर सुरतेत प्लेगची बातमी आली, तेव्हाही भीतीने केवढा गोंधळ माजवला, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्या वेळी मात्र प्रतिजैविके हाताशी होती.

पॉलिट्झर यांनी पुढे प्लेगवर एक बृहद् ग्रंथ लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९५४ साली जिनिव्हात प्रसिद्ध केला. प्लेगचा अभ्यास करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो वापरला.

चांगदेत एकंदर किती माणसे मेली? साथीच्या काळातील नोंदी तुटक आहेत, कारण मृत्यू लपवले गेले. १९९० नंतर तेथील नागरिकांनी समिती नेमून गावोगाव फिरून मृतांची यादी तयार केली. तिच्यात ७६४३ नावे आहेत. हा आकडा वारसांच्या आठवणींवर उभा आहे. पण यादीतील प्रत्येक नाव कोणीतरी पोटतिडकीने उच्चारलेले आहे.

बावन्न वर्षांनी

चेन यांचा अहवाल तेव्हा पूर्णपणे प्रसिद्ध झाला नाही. चीनच्या आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. जिन बाओशान यांनी ३१ मार्च १९४२ रोजी एक निवेदन तयार केले आणि ते मित्रराष्ट्रांना देण्यात आले. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी ते साशंकतेने वाचले. धान्यातूनच जंतू वाढवून दाखवलेले नाहीत, मग पुरावा कसला, असा त्यांचा आक्षेप होता. चेन यांचा प्रामाणिकपणाच जणू त्यांच्या विरोधात गेला.

युद्ध संपले. जपानी पराभवाच्या वेळी पिंगफानच्या इमारती सुरुंग लावून उडवून दिल्या गेल्या. इशिई आणि त्यांचे सहकारी अमेरिकेच्या ताब्यात आले. त्यांच्यावर खटला चालवण्याऐवजी त्यांच्या प्रयोगांची माहिती मिळवणे अमेरिकन अधिकाऱ्यांना अधिक मोलाचे वाटले. माहितीच्या बदल्यात त्यांना अभय मिळाले. सोव्हिएत संघाने डिसेंबर १९४९ मध्ये खाबारोव्हस्क येथे बारा जणांवर खटला चालवला. तेथे युनिटच्या उत्पादन विभागाचे प्रमुख कावाशिमा कियोशी यांनी चांगदेवर प्लेगच्या पिसवा टाकल्याचे कबूल केले. पण शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य जगाने तो खटला प्रचार म्हणून झटकून टाकला.

अखेर १९९३ साली टोकियोतील संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात जपानी इतिहासकारांना युद्धकाळातील एका लष्करी अधिकाऱ्याची दैनंदिनी सापडली. इमोतो कुमाओ हे त्यांचे नाव. ४ नोव्हेंबर १९४१ च्या चांगदेवरील उड्डाणाची नोंद तीत होती: पहाटेची वेळ, धुके, खालून उडणारे विमान आणि टाकलेले सुमारे ३६ किलो द्रव्य. डॉ. तान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले आणि डॉ. चेन यांनी तर्काने सिद्ध केलेले सत्य बावन्न वर्षांनी शत्रूच्याच हस्ताक्षरात उघड झाले.

१९९७ साली मृतांच्या वारसांनी टोकियोच्या न्यायालयात दावा दाखल केला. २७ ऑगस्ट २००२ रोजी न्यायालयाने निकाल दिला. युनिट ७३१ ने चीनमध्ये जंतुयुद्ध केले आणि त्यात माणसे मेली, हे न्यायालयाने मान्य केले; नुकसानभरपाई मात्र नाकारली. पुढील अपिलेही २००७ पर्यंत फेटाळली गेली. १८० दावेदारांना पैसा मिळाला नाही. त्यांच्या आईबापांचे, भावंडांचे मरण खरे होते आणि ते का आले, एवढे मात्र न्यायासनाने लिहून दिले.

जैविक शस्त्रे बनवणे आणि बाळगणे यांवरच बंदी घालणारा करार १९७२ साली सह्यांसाठी खुला झाला आणि १९७५ पासून अंमलात आला. भारताने त्याला १९७४ साली मान्यता दिली. व्हॅटिकनही २००२ साली त्यात सामील झाले. त्यापूर्वीच, १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात संपूर्ण शहरांचा आणि त्यांतील रहिवाशांचा सरसकट संहार करणाऱ्या युद्धकृत्यांचा निःसंदिग्ध निषेध केला होता. करार आणि निषेध आवश्यकच आहेत. तथापि अशा हल्ल्याचा पहिला सुगावा करार लिहिणाऱ्यांना लागत नाही. तो लागतो एखाद्या लहानशा रुग्णालयातील डॉक्टराला, प्रयोगशाळेत एकट्याने काम करणाऱ्या सहायकाला, तापलेल्या मुलीच्या कपाळावर हात ठेवणाऱ्या परिचारिकेला. २००१ साली अमेरिकेत टपालातून काळपुळीचे जंतू पाठवले गेले, तेव्हाही पहिली खूण फ्लोरिडातील एका डॉक्टराने रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील द्रवाच्या थरात, सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखली.

इशिई आणि चेन, दोघेही डॉक्टर. पिसू प्लेग कसा पसरवते, हे दोघांनाही ठाऊक होते; आणि ते ज्ञान ज्या मृत्यूंतून आले, त्यांत मांडवीचे, गिरगावचे, पुण्याचे आणि आपल्या वांद्र्याचेही मृत्यू होते. एकाने त्या ज्ञानाचे शस्त्र केले. दुसरा तेच ज्ञान घेऊन मरणाऱ्यांच्या शहरात गेला, आणि जे पाहिले ते, आपल्या बाजूचे व विरुद्धचे, जसेच्या तसे लिहून ठेवले.

येत्या मे महिन्यात वांद्र्याच्या क्रूसापुढे लितानी म्हणताना आपल्या पूर्वजांसोबत चांगदेच्या त्या अकरा वर्षांच्या मुलीचेही स्मरण करावे. ती आपल्या धर्मग्रामातील नव्हती, आपल्या देशातीलही नव्हती. पण तिच्या रक्ताचा थर पाहून डॉ. तान यांनी जे ओळखले, त्या ओळखीची मुळे आपल्याच गल्ल्यांतील दुःखात होती.